व्हेसालियसने मेंदू चितारला १५४३ मध्ये, मग सर्जन आत शिरायला तीनशे वर्षं का थांबले?

शंकासुर

सध्या वैद्यकाच्या इतिहासावरचं हाती लागेल ते वाचतोय. त्यात एक हिशोब काही केल्या जुळत नाही, म्हणून हा काथ्याकूट.

माणसाची प्रेतं कापून शरीररचना शिकवणाऱ्या व्हेसालियसचा 'फाब्रिका' ग्रंथ छापला गेला १५४३ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझलला. त्याच्या सातव्या भागात मेंदूची चित्रं आहेत. कवटीचं झाकण करवतीने उतरवलंय आणि मग वरून खाली एकेक थर कापत नेलाय. १६६४ मध्ये थॉमस विलिसचं मेंदूच्या रचनेवरचं पुस्तक आलं. त्यातली चित्रं क्रिस्टोफर रेनची, म्हणजे लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधणारा तोच. थोडक्यात, सतराव्या शतकातच मेंदूची बरीचशी मोजदाद होऊन गेली होती. आणि मेंदूतली गाठ नेमकी हेरून काढल्याची पहिली ठळक उदाहरणं कुठली? विल्यम मॅकइवेन, ग्लासगो, १८७९. रिकमन गॉडली, लंडन, १८८४.

मधल्या काळात या रचनाशास्त्राने (ॲनाटॉमीने) सर्जनच्या हातात काय दिलं? माझं मत: शून्य. १८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये लिस्टरचं जंतू मारणारं कार्बोलिक आलं, आणि पुढच्या वीस वर्षांत मेंदूची शस्त्रक्रिया सुरू झाली. दार उघडलं ते रसायनांनी. पुस्तकातली चित्रं शोभेपुरती.

हाणून पाडा.

टवाळ

मी पहिला! बाकी 'हाणून पाडा' म्हणालात, पण नक्की कुठे हाणायचं हे सांगितलं नाहीत. तिथेच तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

डॉ. अर्धवट

टवाळ गमतीत बरोबर बोलून गेले. न्यूरोसर्जरीचं शिक्षण चालू आहे (आयडी त्यावरूनच), म्हणून दोन शब्द.

भूल आणि निर्जंतुकीकरण नसतं तर काहीच झालं नसतं, मान्य. पण समजा व्हेसालियसला तुम्ही क्लोरोफॉर्मची बाटली, कार्बोलिकचा फवारा आणि उत्तम हत्यारं नेऊन दिलीत. समोर रोगी आहे, डाव्या हाताला झटके येतायत, डोकं दुखतंय, उलट्या होतायत. कवटी बाहेरून अगदी धडधाकट. व्हेसालियस भोक कुठे पाडेल? त्याला मेंदूचा आकार पाठ आहे, पण हाताची हालचाल मेंदूच्या कुठल्या भागातून होते हे ठाऊक नाही. ते त्याच्या काळात कुणालाच ठाऊक नव्हतं. क्ष-किरणच आले १८९५ मध्ये, आणि त्यातही मेंदू दिसत नाही, हाड दिसतं.

म्हणजे भूल, जंतू आणि ठिकाण अशा तीन गोष्टी लागत होत्या. तुम्ही दोनच मोजल्यात.

शंकासुर

डॉक, पण मग हे माझ्याच बाजूने झालं की! ठिकाण सांगितलं ते शरीरक्रियाशास्त्राने, कुत्र्यामाकडांवर वीज सोडणाऱ्यांनी. रचनाशास्त्र पुन्हा बाजूलाच.

जुनी वही

एवढ्या लवकर निकाल देऊ नका, शंकासुर. मेंदूच्या विच्छेदनाचा इतिहास हा बराचसा मेंदू टिकवण्याचा इतिहास आहे. ते ध्यानात घेतलं की मधली वर्षं रिकामी दिसत नाहीत.

ताजा मेंदू हातावर घेतला तर स्वतःच्या वजनाने पसरतो. उन्हाळ्यात काही तासांत बिघडायला लागतो. हाडं, स्नायू, रक्तवाहिन्या यांचं तसं नाही. त्यामुळे बाकीच्या शरीराची रचना समजली आणि मेंदू मागे राहिला. अलेक्झांड्रियात इ. स. पू. तिसऱ्या शतकात हीरोफिलस आणि इरॅसिस्ट्राटस यांनी माणसांची विच्छेदनं केली. मोठा मेंदू आणि लहान मेंदू वेगळे, हे तेव्हाच सांगून झालं होतं. मग ती वाट बंद झाली. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याला माणसाचं प्रेत मिळेना. त्याने बैल, डुकरं, माकडं कापली. बैलाच्या मेंदूच्या तळाशी बारीक धमन्यांचं एक सुंदर जाळं असतं. गॅलेनने ते माणसातही असणार असं धरलं आणि तिथे रक्तापासून चैतन्य तयार होतं असं सांगितलं. माणसात ते जाळं नाहीच! पण तेराशे वर्षं ते सगळ्यांना 'दिसत' होतं. १५२० च्या सुमारास बेरेंगारिओ दा कार्पी म्हणाला की मला काही सापडत नाही. व्हेसालियसनेही 'फाब्रिका'त ते नाकारलं, पण त्याआधी तो स्वतः शिकवताना बैलाचं किंवा मेंढीचं डोकं शेजारी ठेवून तेच जाळं दाखवत असे. आपल्या ग्रंथात त्याने हे लिहून ठेवलंय.

आता कापण्याची पद्धत बघा. व्हेसालियसने मेंदू कवटीतच ठेवून वरून चकत्या काढल्या. त्यात मेंदूच्या आतल्या पोकळ्या छान दिसतात, पण तळापर्यंत पोचेस्तोवर सगळा लगदा झालेला असतो. आणि बारा जोड्या नसा, मुख्य धमन्या, मेंदूचा देठ, सगळं महत्त्वाचं तर तळाशी. १५७३ मध्ये कोस्टान्झो व्हारोलिओचं पुस्तक आलं. त्याने मेंदू कवटीतून बाहेर काढला, उलटा केला आणि खालून कापत गेला. बस्स. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही, नुसती बाजू बदलली आणि नसांची मुळं दिसली. विलिसने हीच रीत धरली. शिवाय त्याच्या काळात ऑक्सफर्डात रॉबर्ट बॉईलमुळे प्राण्यांचे अवयव मद्यार्कात टिकवता येऊ लागले होते. १६८० च्या दशकात व्ह्यूसांस तर मेंदू तेलात उकळायचा. घट्ट झाला की आतले तंतू सोलता यायचे.

टवाळ

तेलात!! आज रात्रीचं जेवण रद्द.

आडवाट

जुनी वही, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. विषय निघालाच आहे तर सुश्रुताचा उल्लेख राहू नये. सुश्रुतसंहितेतल्या शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात प्रेत कसं तपासायचं ते तपशीलवार दिलंय. गवतात किंवा सालीत गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचं, वाहत्या पाण्यात आडोशाला सात रात्री ठेवायचं, आणि मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर उघडा करायचा. व्हेसालियसच्या कितीतरी आधी. १०७ मर्मं, म्हणजे घाव बसला तर घातक ठरणाऱ्या जागा, सांगितली आहेत, त्यातली ३७ मानेच्या वर.

जुनी वही

आडवाट, हा उतारा खरोखर थक्क करणारा आहे. हाताने, डोळ्याने बघून शिका असा स्पष्ट आग्रह आहे त्यात. पण मेंदूपुरतं बोलायचं तर हीच पद्धत आड येते. सात रात्री पाण्यात भिजल्यावर त्वचा, स्नायू, सांधे सुटे करून बघता येतात, कवटीच्या आत मात्र फारसं काही शिल्लक राहत नाही. मर्मांचं ज्ञान आलं ते जखमा बघून. शंख मर्मावर, म्हणजे कानशिलावर, घाव बसला की माणूस जातो, हे रणात दिसतं, कुंचल्याने घासून नाही.

आडवाट

म्हणजे सर्जनने शिकवलं आणि रचनाशास्त्र मागून आलं. शंकासुरांच्या प्रश्नाचं हे तिसरंच टोक झालं.

पानगळ

याच धाग्याला धरून: कवटी उघडणं मेंदूशास्त्राच्या हजारो वर्षं आधीचं आहे. नवाश्मयुगातल्या भोकं पाडलेल्या कवट्या सापडल्यात. पेरूमध्ये तर ढिगाने, आणि कित्येकांच्या भोकाच्या कडा भरून आलेल्या आहेत. याचा अर्थ माणूस नंतर जगला.

इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये ४८ जखमींची प्रकरणं आहेत. काळ साधारण इ. स. पू. १६०० चा. सहावं प्रकरण कवटी फुटून मेंदू उघडा पडल्याचं. लिहिणाऱ्याने मेंदूवरच्या वळ्यांना वितळत्या तांब्यावर उठणाऱ्या सुरकुत्यांची उपमा दिलीय आणि बोटाखाली काहीतरी धडधडतं असं नोंदवलंय. शेवटी शेरा: यावर इलाज करू नये. मला या शेऱ्याबद्दल फार आदर वाटतो. पुढे ग्रीकांच्या, हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या डोक्याच्या जखमांवरच्या ग्रंथात तर चक्क लिहिलंय की डोक्याच्या एका बाजूला जखम असेल तर झटके शरीराच्या दुसऱ्या बाजूला येतात.

तर सर्जन 'थांबले' नव्हते. ते हाडापर्यंत जात होते, कधी मेंदूवरच्या आवरणापर्यंत. आवरण फाडलं की जंतू आत जातात आणि माणूस मरतो हे अनुभवाने कळलेलं होतं, कारण ठाऊक नसलं तरी.

गप्पिष्ट काका

पानगळताई, जखमेवरून दुसऱ्या हेन्रीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रान्सचा राजा. ३० जून १५५९, पॅरिस, लग्नसमारंभातले भाल्यांचे खेळ. प्रतिस्पर्ध्याचा भाला मोडला आणि त्याच्या कपच्या राजाच्या शिरस्त्राणातून डोळ्यापाशी घुसल्या. उपचाराला कोण? आंब्रोआझ पारे, त्या काळातला सर्वांत नावाजलेला सर्जन. शिवाय ब्रुसेल्सहून निरोप धाडून बोलावलेला, साक्षात व्हेसालियस! म्हणजे रचनाशास्त्र आणि शस्त्रक्रिया एकाच खाटेपाशी उभी. शिरच्छेद केलेल्या गुन्हेगारांच्या डोक्यांत तशाच कपच्या घुसवून जखम किती खोल गेली असेल ते बघण्याचा प्रयोगही झाला म्हणतात. उपयोग शून्य. १० जुलैला राजा गेला. कवटी उघडली तर हाड फुटलेलं नव्हतं, पण घाव लागला त्याच्या विरुद्ध बाजूला, मागे, आवरणाखाली रक्त साठलेलं आणि मेंदू नासलेला.

युरोपातली दोन सर्वोत्तम डोकी तिथे होती आणि त्यांना रक्त कुठे साठलंय हे बाहेरून सांगता येत नव्हतं. डॉ. अर्धवटांचा 'ठिकाण' मुद्दा हाच ना?

डॉ. अर्धवट

काका, अगदी हाच. आजही अपघाताच्या रुग्णात मार एकीकडे आणि इजा पलीकडे, हे आम्ही रोज बघतो. फरक इतकाच की आम्हाला दोन मिनिटांत सीटी स्कॅन मिळतो. पहिला रुग्ण त्या यंत्रात गेला १ ऑक्टोबर १९७१ ला.

रेघोट्या

शंकासुरांचं 'शून्य' मला एका उदाहरणाने खोडायचं आहे, आणि तेही १८४६ च्या आधीच्या.

विलिसच्या नावाने ओळखलं जाणारं धमन्यांचं कडं मेंदूच्या तळाशी असतं. मानेतून चार धमन्या वर येतात आणि तिथे एकमेकींना जोडल्या जातात. कडं बघणारा विलिस पहिला नव्हे. पण त्याने रेन आणि लोअर या सहकाऱ्यांबरोबर धमनीत रंगीत द्रव सोडून बघितला. एका बाजूने घातलेला रंग दुसऱ्या बाजूला पोचतो! शिवाय त्याला एक प्रेत मिळालं. त्या माणसाची मानेतली एक मुख्य धमनी पूर्ण बुजलेली होती, तरी जिवंतपणी त्याला कधी पक्षाघाताचा झटका आला नव्हता. त्याच बाजूची मणक्यांतून वर जाणारी धमनी मात्र तिच्या जोडीच्या धमनीपेक्षा बरीच मोठी झाली होती. विलिसने बरोबर ताडलं: एक वाट बंद झाली तर कड्यातून रक्त फिरून येतं.

आता १८०५ ला या. लंडनचा ॲस्टली कूपर मानेतल्या धमनीला आलेल्या फुग्यावर उपाय म्हणून ती धमनीच बांधून टाकतो. मेंदूला जाणारी मुख्य धमनी बांधायची, भूल नाही, कार्बोलिक नाही! हे धाडस कशाच्या जोरावर? मेंदूला दुसरीकडून रक्त मिळेल या खात्रीवर. पहिला रुग्ण दगावला. १८०८ चा दुसरा वाचला आणि १८२१ पर्यंत जगला. तो गेल्यावर कूपरने विच्छेदन करून रक्त कुठल्या वाटांनी गेलं तेही तपासलं.

हा रचनाशास्त्राचा सरळ सरळ फायदा, रसायनांच्या चाळीस वर्षं आधी.

शंकासुर

रेघोट्या, उदाहरण जबरदस्त. पण ही मानेतली शस्त्रक्रिया झाली, कवटीतली नाही. माझा प्रश्न आत शिरण्याचा आहे.

टवाळ

शंकासुरांनी गोलपोस्ट उचलून मानेच्या वर नेले आहेत, याची पंचांनी नोंद घ्यावी.

जुनी वही

चला, मानेच्या वर जाऊ. ठिकाण कसं सापडलं?

सुरुवात एका बदनाम माणसापासून. फ्रान्झ योसेफ गॉल. कवटीवरचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगणारी विद्या त्याच्यापासून सुरू झाली, आणि त्यावर आजवर सगळे हसतात. पण विच्छेदनात गॉल पक्का होता. मेंदूचा पांढरा भाग तंतूंचा आहे आणि ते तंतू ठरावीक वाटांनी जातात, हे त्याने सोलून दाखवलं. मेंदूचे वेगवेगळे भाग वेगवेगळी कामं करतात ही कल्पनाही त्यानेच लोकांच्या डोक्यात भरवली. तपशील सगळे भलते, मूळ मुद्दा खरा.

१८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोकाकडे लेबोर्न्य नावाचा रुग्ण आला. वर्षानुवर्षं तो फक्त 'तां' एवढंच बोलायचा. समजायचं सगळं. तो वारला, ब्रोकाने मेंदू काढला, डाव्या कपाळामागे खालच्या वळीत इजा. ब्रोका सर्जन होता हे विसरू नका. त्याने तो मेंदू न कापता अख्खा जपून ठेवला. त्यामुळे २००७ मध्ये तोच मेंदू एमआरआय यंत्रात घालून बघता आला, आणि इजा ब्रोकाला वरून दिसली त्यापेक्षा बरीच खोल असल्याचं कळलं.

१८७० मध्ये बर्लिनला फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य वीज लावून पाय हलवून दाखवला. डेव्हिड फेरिअरने माकडाच्या मेंदूचा असाच नकाशा बनवला. १८८१ मध्ये लंडनच्या वैद्यकीय परिषदेत त्याचं एक माकड लंगडत आलं, तेव्हा शार्को हा नावाजलेला फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ उद्गारला, हा तर रुग्णच आहे! त्याच वर्षी फेरिअरवर प्राण्यांच्या छळाचा खटला झाला. तो सुटला, कारण शस्त्रक्रिया परवाना असलेल्या सहकाऱ्याने केली होती.

आणि १८८४: डाव्या हाताला झटके आणि अशक्तपणा आलेला एक तरुण शेतकरी. ह्यूज बेनेटने फेरिअरच्या नकाशावरून सांगितलं, गाठ उजवीकडे, मध्य घळीपाशी, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरच्या मधल्या खोल खाचेपाशी. २५ नोव्हेंबरला गॉडलीने कवटी उघडली. मेंदूच्या पृष्ठभागावर काही दिसेना. ठिकाणावर विश्वास ठेवून त्याने चीर दिली, आणि गाठ खाली निघाली.

पानगळ

रुग्ण महिन्याभरात मेंदूच्या आवरणाच्या जंतुसंसर्गाने गेला, हेही सांगायला हवं होतं. आणि गॉडली हा लिस्टरचा सख्खा भाचा होता. कार्बोलिकचा सगळा बंदोबस्त असूनही!

रेघोट्या

आणि मॅकइवेनचं १८७६ चं प्रकरण कसं विसरलात? एका मुलाला डोक्याच्या मारानंतर ताप, झटके आणि वाचा गेलेली. मॅकइवेन म्हणाला, ब्रोकाच्या जागी पू झालाय, उघडू द्या. परवानगी मिळाली नाही. मुलगा गेल्यावर तपासलं तर पू नेमका तिथेच. १८७९ च्या मुलीच्या बाबतीत डाव्या भुवईपाशी बाहेरूनही गाठ होती, त्यामुळे ती 'निव्वळ लक्षणांवरून' शोधली असं म्हणताना जरा जपून. माझ्या लेखी खरा पहिला तो मुलगा, ज्याची शस्त्रक्रिया झालीच नाही.

गप्पिष्ट काका

अवांतर: आइनस्टाइनचा मेंदू १९५५ मध्ये तपासणाऱ्या डॉक्टरने काढून घेतला, २४० तुकडे केले आणि वर्षानुवर्षं बरण्यांतून आपल्यापाशीच ठेवला. त्यातून शस्त्रक्रियेला काय मिळालं?

टवाळ

बरण्या कशा जपाव्यात याचा अनुभव.

डॉ. अर्धवट

जुनी वहींच्या प्रतिसादात एक दुवा सुटलाय आणि तो शंकासुरांच्या आक्षेपाचं थेट उत्तर आहे.

बेनेट म्हणाला, 'मध्य घळीपाशी'. ठीक. पण कवटी बंद असताना मध्य घळ कुठेय हे गॉडलीला कसं कळणार? टाळूवर बाहेरून तशी कुठलीही खूण नसते. हे काम विच्छेदनकारांनी केलं होतं. प्रेतांच्या कवट्यांना ठरावीक जागी भोकं पाडून, त्यातून खुंट्या आत ठोकून, मग कवटी उघडून कुठली खुंटी कुठल्या घळीत लागली ते मोजायचं. ब्रोकाही यात होता. त्यावरून नियम निघाले: नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजा, मध्य काढा, त्याच्या किंचित मागे मध्य घळीचं वरचं टोक. तिथून पुढे आणि खाली तिरकी रेघ. फेरिअरच्या माकडाने 'मध्य घळ' हे नाव सांगितलं. ती घळ या माणसाच्या टाळूखाली कुठे, हे सांगितलं फीत आणि खुंट्या घेऊन बसलेल्यांनी. वीज लावणाऱ्याला वळ्यांची नावं कुणी पुरवली होती, हा प्रश्न वेगळाच.

अजूनही शस्त्रक्रियेआधी डोकं भादरल्यावर आम्ही टाळूवर पेनने ह्या रेघा मारतो. शेजारी पडद्यावर स्कॅन चालू असतो तरीही.

मृगजळ

इतके दिवस वाचनमात्र होते. डॉक्टरांनी रेघांचं लिहिलं म्हणून धीर करून लिहिते.

माझ्या मावशीच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ होती. शस्त्रक्रिया जागेपणी झाली. टाळूला भूल देऊन, झोपवून कवटी उघडली आणि मग तिला जागं केलं. मेंदूला स्वतःला दुखत नाही, हे तेव्हा कळलं. समोर एकजण एकेक चित्र धरायचा आणि ती नाव सांगायची: कप, छत्री, बैल. सर्जन मेंदूच्या एकेका जागी सौम्य वीज लावत होते, आणि एका चित्रावर ती थांबली. चित्रात घड्याळ आहे हे तिला कळत होतं, वेळही सांगता आली असती म्हणते, पण नाव येईना. सर्जनने वीज काढली आणि 'घड्याळ' बाहेर पडलं. त्या जागी त्यांनी आकडा लिहिलेला कागदाचा बारीक तुकडा ठेवला आणि ती जागा सोडून कापलं. मावशी एरवी कुणाला मध्ये बोलू देत नाही. तिला गप्प करणारी ती एक जागा अख्ख्या घराला बघायची होती.

आता बरी आहे. बोलण्यात काही फरक नाही, म्हणजे आमचं नशीब तेच.

डॉ. अर्धवट

मृगजळताई, छान लिहिलंत. ते आकड्यांचे तुकडे थेट वाइल्डर पेनफिल्डच्या मॉन्ट्रियलमधून आलेत. १९३० च्या दशकात तो अपस्माराच्या रुग्णांना जागं ठेवून मेंदूवर वीज लावत असे आणि प्रत्येक जागेवर आकडा ठेवून फोटो घेत असे. त्यातून १९३७ चं ते विचित्र माणसाचं प्रसिद्ध चित्र निघालं, प्रचंड ओठ आणि प्रचंड अंगठ्याचं: ज्या अवयवाला मेंदूत जितकी जागा, तितका तो मोठा. शस्त्रक्रियेने रचनाशास्त्राला दिलेली ती परतफेड.

आडवाट

युद्धांचीही परतफेड आहे. १९०४–०५ च्या रशिया-जपान युद्धात नव्या बंदुकांच्या बारीक, वेगवान गोळ्या डोक्यातून आरपार जायच्या आणि सैनिक वाचायचे. तात्सुजी इनोऊये या जपानी नेत्रवैद्याने गोळी आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची जागा सरळ रेघेने जोडली, आणि नजरेचा कुठला भाग गेला ते तपासून मेंदूतला दृष्टीचा नकाशा काढला.

शंकासुर

सगळे रचनाशास्त्राची आरती ओवाळताय म्हणून उलट बाजू मांडतो. १९३५, लिस्बन, एगाश मोनिझ. कपाळामागचे तंतू तोडले की मनोरुग्ण शांत होतात. १९४९ चं नोबेल! अमेरिकेत वॉल्टर फ्रीमनने डोळ्याच्या खोबणीतून सळई घालून तेच केलं. तंतू कुठून कुठे जातात याची रचना यांना माहीत होतीच. काय उजेड पडला?

जुनी वही

त्याच मोनिझने १९२७ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्यांचं चित्र क्ष-किरणांवर मिळवलं होतं. ते आजही रोज वापरात आहे. नोबेल मिळालं दुसऱ्याच गोष्टीला. फ्रीमनला तर न बघताच सळई फिरवायची होती. रचना माहीत असण्याची त्याला गरजच वाटली नाही.

रचना माहीत असून काम माहीत नसणं याचं खरं उदाहरण १९५३ चं. सर्जन स्कोव्हिलने हेन्री मोलेसन या तरुणाचा अपस्मार थांबवायला दोन्ही कानशिलांमागचा आतला भाग, हिप्पोकॅम्पसच्या (आठवणींशी निगडित भागाच्या) बऱ्याचशा भागासह काढला. झटके कमी झाले, पण पुढच्या आयुष्यातली एकही नवी घटना त्याला आठवेना. २००८ मध्ये तो गेल्यावर त्याच्या मेंदूचे २४०१ पातळ काप केले गेले. दोन्ही बाजू एकदम काढायच्या नाहीत, हा नियम तेव्हापासून.

डॉ. अर्धवट

आणि सत्तरच्या दशकात झ्युरिचला याशारगिलने तोच हिप्पोकॅम्पस फक्त एका बाजूचा, आणि तोही वरचा मेंदू न कापता काढायला सुरुवात केली. सिल्व्हियसची घळ उघडून तिच्यातून आत.

हे कसं, ते सांगतो. विच्छेदनाच्या टेबलावर आम्हाला हेच पहिल्यांदा करायला लावलं. फॉर्मालिनमधला मेंदू कुशीवर ठेवायचा. कपाळाचा भाग आणि कानशिलाचा भाग यांच्यामध्ये एक खोल घळ, वरून पातळ पारदर्शक पापुद्र्याने शिवलेली. सूक्ष्मदर्शकाखाली तो पापुद्रा चिमट्याने उचलून बारीक कात्रीने कापत जायचं. दोन्ही बाजू आपोआप सुट्या होतात आणि तळाशी लपलेला तिसराच भाग दिसतो, त्यावर धमनीच्या फांद्या पसरलेल्या. मेंदूचा एक कणही कापलेला नसतो. घाई केली की मात्र शिरेला भोक. माझं पहिलं काम बघून सर म्हणाले, रुग्ण गेला, पुढचा घ्या.

याशारगिल बाझलला शिकत असताना योसेफ क्लिंगलरकडून तंतू सोलायला शिकला होता. क्लिंगलरची युक्ती: फॉर्मालिनमध्ये मुरलेला मेंदू गोठवायचा. बर्फाचे कण तंतूंच्या मध्ये फुगतात आणि वितळल्यावर तंतू लाकडी पट्टीने सोलता येतात. पुढे फ्लोरिडात अल्बर्ट ऱ्होटनने धमन्यांत लाल आणि शिरांत निळं रंगद्रव्य भरून सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदनं केली. जगभरच्या न्यूरोसर्जननी त्या चित्रांवर अभ्यास केलाय.

रेघोट्या

१६६५ मध्ये पॅरिसला निकोलस स्टेनोने भाषणात हेच सांगितलं होतं. मेंदूबद्दल कल्पना लढवणं सोडा, पांढऱ्या भागातले तंतू एकेक करून शेवटपर्यंत गाठा. विलिसवरही त्यात टीका होती. नीट जमायला क्लिंगलर यावा लागला.

पानगळ

आणि मेंदूच्या आतल्या त्या पोकळ्या? मध्ययुगात त्यांत कल्पना, विचार, स्मृती अशा तीन खोल्या मानायचे. लिओनार्दोने बैलाच्या मेंदूत वितळलेलं मेण भरून त्यांचा साचा काढला होता. विचार तिथे राहत नाही हे कळल्यावर त्या पोकळ्यांना काही किंमत राहिली नव्हती. १९१८ मध्ये वॉल्टर डँडीने त्यांत हवा भरून क्ष-किरण फोटो काढला. पोकळी एका बाजूला ढकललेली दिसली की गाठ दुसऱ्या बाजूला!

शंकासुर

बरं. 'शून्य' मी मागे घेत नाही, पण त्याचा पत्ता बदलतो. १५४३ ची रचना सर्जनच्या उपयोगाची नव्हतीच. उपयोगी ठरली ती नंतरची: खालून बघितलेली, रंग भरलेली, खुंट्या ठोकून मोजलेली, गोठवून सोललेली. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी काहीतरी करायला निघाला तेव्हा झाली.

आता डॉकना एकच प्रश्न. एमआरआयवर तंतूंच्या वाटा रंगीत दिसतात, शस्त्रक्रियेत संगणकाचा पडदा हत्याराचं टोक दाखवतो. मग प्रेताचा मेंदू कापत बसायचं कशाला?

डॉ. अर्धवट

कारण पडद्यावरचा मेंदू आदल्या दिवशीचा असतो. कवटी उघडली, मेंदूभोवतीचं पाणी वाहून गेलं, गाठीचा तुकडा निघाला की मेंदू खचतो, काही मिलिमीटर ते सेंटीमीटरभरही. पडदा मात्र जुनीच जागा दाखवत राहतो. रंगीत वाटाही संगणकाने पाण्याच्या हालचालीवरून बांधलेला अंदाज असतात. दोन तंतू एकमेकांना ओलांडतात तिथे तो हमखास गडबडतो, आणि बरोबर आहे का हे पडताळायला पुन्हा क्लिंगलरच्याच पद्धतीने सोललेला मेंदू लागतो. एकदा मेंदू खचला की धमनीची फांदी, आवरणाची कड, नसेचं मूळ यांवरून वाट काढायची.

टवाळ

म्हणजे हाणायचं कुठे ते अजूनही पाठच करावं लागतं. शंकासुर, पुढचा धागा हृदयावर काढा, तिथे निदान चारच खोल्या आहेत.

गप्पिष्ट काका

काढा काढा. गॅलेन तिथेही सापडेल, दोन कप्प्यांमधल्या भिंतीला नसलेली भोकं पाडून बसलेला.